वीतभर नळी

मिस्त्रींचे कान गेले आहेत, ही गोष्ट त्या गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत होती आणि बोलून कुणीच दाखवत नव्हतं. सगळे म्हणजे तरी किती? मिस्त्री स्वतः, त्यांची मुलगी आणि त्यांची सून. मुलगी थोरली, सून धाकटी. या हाका घरात सुरू झाल्या, घरातून गॅरेजात आल्या आणि मग गिऱ्हाइकांच्याही तोंडात बसल्या.

थोरली एक्केचाळीस वर्षांची. त्यातली एकोणीस वर्षं तिने गाड्यांच्या पोटाखाली घालवली होती. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर "वेळ नाही मिळाला" म्हणायची, आणि ते बरंचसं खरंही होतं. धाकटी ही तिच्या भावाची बायको. भाऊ जहाजावर नोकरीला. सहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी, आणि घरी असला की अंथरुणात. लग्न होऊन आली तेव्हा धाकटी शिवणकाम करायची. घरात एकटीला करमेना म्हणून गॅरेजात येऊन बसू लागली. बसल्या बसल्या पाने हातात देऊ लागली. आणि एक दिवस कुणी न सांगता तिने एक जुना कार्ब्युरेटर उघडला, साफ केला आणि परत जोडून दाखवला. सुटे स्क्रू तिने बटणांच्या डबीत कप्प्याकप्प्याने लावून ठेवले होते. ते बघून मिस्त्री मोठ्याने हसले होते, मान मागे टाकून. बाबा असे हसू शकतात हे थोरलीला त्या दिवशी कळलं.

त्याला तीन वर्षं झाली. धाकटीने हात लावला आणि काम बिघडलं, असं फारसं झालं नाही. बिघडलं असतं तर थोरलीने तिला मायेने शिकवलं असतं. न चुकणाऱ्या माणसावर माया कशी करायची, हे तिला जमत नव्हतं.

गॅरेजचा एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने तपासायचं नाही. "आपल्या कामाकडे आपण आईच्या डोळ्यांनी बघतो," मिस्त्री म्हणायचे. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते स्वतः गाडीखाली जात नसत. शेवटची तपासणी तेवढी त्यांची. काम संपलं की ते स्टुलावर बसायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग एकच शब्द बोलायचे, "सोडा." तो शब्द आल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. एकोणीस वर्षांत थोरलीने हजारो गाड्या उघडल्या आणि जोडल्या होत्या. "सोडा" एकदाही म्हटलं नव्हतं.

महिन्यापूर्वी मिस्त्रींनी "सोडा" म्हटलेली एक गाडी तिसऱ्या दिवशी ओरडत परत आली. चाकाची बेअरिंग गेलेली. रस्त्यापलीकडेही ऐकू यावा असा आवाज. त्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "माझ्या कानांचा आता भरवसा राहिला नाही. तपासणी तुमच्यापैकी एकीने करायची. कोणी, ते मी बघतोय."

बघतोय! त्यात बघण्यासारखं होतं काय? एकोणीस वर्षं आणि तीन वर्षं यांत मोठं काय ते कळायला वजनकाटा लागतो का? पण ती ताट उचलून उठली. त्या दिवसापासून मात्र तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं. बाबांनी आज कुणाला किती वेळा हाक मारली, कुणाच्या कामापाशी थांबले, कुणाकडे बघून मान हलवली. वरवर ती शांत होती. आत नुसता जळफळाट.

अशातच त्या मंगळवारी सकाळी एका ट्रॅक्टरच्या मागे बांधलेला "रेडा" फाटकातून आत आला.

रेडा म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी. सव्वीस वर्षांची, उंच, चारी चाकांना जोर असलेली. जिथे रस्ता संपतो तिथून हिचं काम सुरू व्हायचं. डोंगरावरच्या कुरणांत, ओढ्यांच्या पात्रांत, मेंढ्यांच्या वाड्यांपर्यंत बाई हिच्यातूनच जायच्या. रंग कुठला होता हे आता सांगता आलं नसतं.

बाई ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरल्या. बुटांवर गुडघ्यापर्यंत चिखल.

"मिस्त्री, रेडा बसला!" त्या ओरडल्या. मिस्त्रींशी ओरडून बोलायचं हे गावाने एव्हाना शिकून घेतलं होतं. "काल चढावर बसला तो बसलाच. वर गाय अडलेली, मी अर्ध्या वाटेत. दोन तास चालत गेले."

"मग गाय?" धाकटीने विचारलं.

"गाय सुटली, वासरू गेलं," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "लवकर पोचले असते तर कुणास ठाऊक. उद्या पहाटे परत वर जायचंय, तीनशे मेंढ्यांना टोचायचंय. होईल का?"

"गेले काही दिवस काय करत होता?" थोरलीने विचारलं.

"गरम झाला की मरायचा. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मला वाटलं, माझ्यासारखाच थकलाय."

थोरलीला तिथेच कळलं, पण अंदाजावर टाकी उतरवायची नाही हेही तिला माहीत होतं. तिने किल्ली फिरवली. मागच्या सीटच्या खालून दोन सेकंद घुंऽऽ असा आवाज यायला हवा. इंजिनाला पेट्रोल ढकलणारा पंप टाकीच्या आत असतो, तो किल्लीसरशी जागा होतो. आवाज आला नाही. फ्यूज बघितला, रिले बदलून बघितला. मग खाली शिरून पंपाकडे जाणाऱ्या तारांवर मीटर लावला आणि धाकटीला किल्ली फिरवायला सांगितलं. बारा व्होल्ट. दुसरी तार चेसिसला नीट जोडलेली. म्हणजे वीज दारापर्यंत येते आहे आणि आतला उठत नाही.

"पंप गेला," ती बाहेर येत म्हणाली.

"पंप गेला!" धाकटीने ते मिस्त्रींसाठी मोठ्याने सांगितलं. एवढंसंच, पण थोरलीला झोंबलं. निदान थोरलीने करायचं, दवंडी धाकटीने पिटायची.

मिस्त्रींनी हनुवटी खाजवली, गाडीकडे बघितलं, दोघींकडे बघितलं.

"पंप धाकटी बदलेल," ते म्हणाले. "थोरले, तू टाकी उतरवायला हात लाव. पुढे तिला करू दे."

हात लाव! थोरलीने पाना इतक्या जोरात टेबलावर ठेवला की बाईंनी वळून बघितलं. या जुन्या गाड्यांना पंपापर्यंत पोचायला वरून झाकण नसतं, अख्खी टाकी खाली घ्यावी लागते. गॅरेजमधलं हे सगळ्यांत किचकट काम, आणि आजवर ते तिच्याशिवाय कुणी केलेलं नव्हतं. म्हणजे परीक्षा ठरली. आणि परीक्षेला बसवलं होतं धाकटीला. थोरलीने फक्त हात लावायचा होता, लग्नघरातल्या लांबच्या आत्यासारखा.

"उभी काय राहिलीस अशी?" ती धाकटीवर खेकसली. "बॅटरीची तार काढ आधी. आणि सगळी दारं उघड."

"काढली ताई. दारं पण उघडली," धाकटी म्हणाली.

काढलीच होती.

टाकीत पाव भाग पेट्रोल होतं, ते हातपंपाने डब्यांत काढलं. टाकी धरून ठेवणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट सव्वीस वर्षांच्या चिखलाने आणि गंजाने एकजीव झालेले. त्यांवर तेल सोडून तासभर थांबावं लागलं. दोघी भिंतीला टेकून बसल्या. धाकटीने नेहमीची वही काढली आणि टाकीला जोडलेल्या नळ्यांचं चित्र काढायला लागली. कुठली कुठे जाते, बाणासकट.

"हे सगळं काढून ठेवून काय करतेस?" थोरलीने विचारलं.

"माझ्या डोक्यात राहत नाही ताई. तुमच्यासारखं नाहीये माझं."

हे गोड बोलणं होतं का टोमणा, ते थोरलीला ठरवता येईना. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बोल्ट एकदाचे करकरत सुटले. खाली जॅक लावून, त्यावर लाकडाची फळी ठेवून, थोरलीने टाकी बोटाबोटाने खाली घेतली. धाकटी आडवी पडून नळ्या सोडवत होती. टाकी बाहेर आली तेव्हा दोघींच्या केसांत माती होती आणि हात कोपरापर्यंत पेट्रोलने पांढरे पडले होते. इथून पुढे धाकटीचं काम. थोरली दोन पावलं मागे सरून हाताची घडी घालून उभी राहिली.

झाकणाची गोल कडी धाकटीने पितळी छिन्नीने टकटक करत फिरवली. लोखंडाची छिन्नी नाही, ठिणगी पडते. हे तिला कुणी सांगितलं होतं? थोरलीनेच, दोन वर्षांपूर्वी. पंपाचा सांगाडा तिने तिरका करून बाहेर काढला, पेट्रोलची पातळी सांगणारा काटा कुठेही न आपटता. जुना पंप काळा पडलेला, त्याच्या तळाची जाळी चिखलाने बुजलेली. दुकानातून मागवलेला नवा पंप त्याच्या जागी बसवला, नवी जाळी लावली, तारांची टोकं घट्ट केली. एकेक टाका मोजून घालावा तसं.

मग ती अडली. नवा पंप जुन्यापेक्षा दोन बोटं आखूड होता. पंपापासून झाकणापर्यंत जाणारी नळी खोक्यात आली होती, पण ती पुरेना.

धाकटी उठली, मागच्या भिंतीपाशी गेली, खिळ्यावरच्या भेंडोळ्यातून वीतभर काळी नळी कापून घेऊन आली.

थोरलीने ती नळी बघितली आणि तिच्या अंगातून काहीतरी सर्रकन गेलं.

ती साधी नळी होती. इंजिनाजवळ, मोकळ्या हवेत लावायची. तिला आतून पेट्रोल चालतं, बाहेरून नाही. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारी नळी वेगळी असते. दिसायला तशीच, तितकीच जाडी, तोच काळा रंग. फरक फक्त अंगावरच्या बारीक पांढऱ्या अक्षरांत. ती कपाटाच्या खालच्या खणात असायची. त्या खणावर काही लिहिलेलं नव्हतं. या गॅरेजात कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. बाबांना माहीत होतं, थोरलीला माहीत होतं, मग लिहायचं कुणासाठी?

साधी नळी आत लावली तर आज काहीच होणार नाही. उद्याही नाही. गाडी पहिल्या फटक्यात सुरू होईल. पण ती नळी बाहेरून हळूहळू फुगत जाईल, मऊ पडेल, आणि दीड-दोन महिन्यांनी एखाद्या चढावर फाटेल. पंप फिरत राहील आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीत सांडत राहील.

धाकटीने नळी पंपापासून झाकणापर्यंत धरून दाखवली. "ताई, एवढी पुरेल ना?"

थोरलीने नळीकडे बघितलं. पंपाकडे बघितलं. बाबा फाटकापाशी खुर्चीत बसून धाकटीकडेच बघत होते. चेहऱ्यावर ते तसलं, मान मागे टाकायच्या आधीचं, हसू.

"पुरेल," ती म्हणाली.

खोटं बोलली नव्हती ती. लांबी विचारली होती, लांबी सांगितली. पुढचा तासभर ती हेच वाक्य मनात उलटसुलट करून बघत राहिली आणि प्रत्येक बाजूने ते खरंच निघत होतं.

धाकटीने दोन्ही टोकांना चिमटे आवळले, नवी रबरी कडी घातली, झाकण बंद केलं. टाकी वर चढली, पट्ट्या आवळल्या गेल्या, नळ्या वहीत बघून एकेक जागी लागल्या, डब्यांतलं पेट्रोल परत आत गेलं. दुपार कलली होती. डॉक्टरीणबाई समोरच्या पंक्चरवाल्याच्या बाकावर बसून त्याच्याशी गप्पा मारत होत्या, त्या उठून आल्या.

"झालं?"

"झालं," धाकटी म्हणाली आणि स्टूल, स्क्रूड्रायव्हर आणून मिस्त्रींपुढे ठेवला, नेहमीसारखा.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि थोरलीपुढे धरला.

"तू तपास."

"मी?"

"मग कोण? काम तिने केलं. जिने काम केलं ती तपासणार का?"

थोरली बघतच राहिली. सकाळपासून ती ज्याला धाकटीची परीक्षा समजत होती, ती परीक्षा नव्हतीच. तपासणी थोरलीला द्यायची हे बाबांनी सकाळीच ठरवलं होतं, आणि म्हणून काम दुसरीला दिलं होतं. नियम एकोणीस वर्षं तिच्या कानीकपाळी होता. गॅरेजातल्या पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट. आणि मत्सराने डोळ्यांवर अशी झापड आणली की तीच दिसली नाही.

ती स्टुलावर बसली. स्क्रूड्रायव्हरचं टोक टाकीला टेकवलं, मूठ कानाशी धरली.

"किल्ली," ती म्हणाली.

घुंऽऽ. दोन सेकंद. स्वच्छ, एकसारखा, मधमाशीसारखा आवाज. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. पुढे जाऊन तिने दाबाचं गेज जोडलं. काटा जिथे हवा तिथे जाऊन उभा राहिला, हलला नाही. पंधरा मिनिटं इंजिन तापू दिलं. काटा तिथेच. खाली शिरून टाकीभोवती, नळ्यांच्या सांध्यांशी बोट फिरवलं. कोरडं.

जगातल्या कुठल्याही तपासणाऱ्याने "सोडा" म्हटलं असतं.

गाडीच्या मडगार्डवर धाकटीची वही उघडी पडली होती. शेवटच्या ओळी ताज्या शाईतल्या. "खोक्यातली नळी आखूड. भिंतीवरची लावली, एक वीत. ताईंना दाखवून."

ताईंना दाखवून. थोरलीने इंजिन बंद केलं. दोन महिन्यांनी हीच गाडी चढावर बसणार, बाई पुन्हा चालत जाणार. आणि त्या वेळी कुणी धाकटीचं काम म्हणणार नाही. थोरलीने सोडलेली गाडी म्हणतील.

"सोडायची?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांनाही हा दिवस सोपा नव्हता.

"नाही," थोरली म्हणाली.

"काय?"

"नाही सोडायची!"

मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले. "ऐकू आलं तुला काहीतरी?"

आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटलं. जे थोरलीने तीन वर्षं दुसरीसाठी बघितलं होतं ते सगळं, आता तिच्यासाठी. माझे कान गेले तरी लेकीचे कान आहेत, असं काहीतरी. तिने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाली.

"हो. पंपाचा आवाज जरा... फाटतोय. आत नळीपाशी काहीतरी आहे. टाकी परत उतरवावी लागेल."

"बघा बाई!" मिस्त्री डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले. "काटा जागेवर, इंजिन जागेवर, आणि ह्या पोरीला ऐकू आलं! असा कान लागतो!"

धाकटीचा चेहरा उतरला. कपाळावर हात मारून ती गाडीखाली शिरलीसुद्धा. "माझंच काहीतरी चुकलं असणार," म्हणत. थोरली या क्षणाची तीन वर्षं वाट बघत होती. तो आला, आणि जिभेवर नुसतं पेट्रोल आल्यासारखं वाटलं.

पेट्रोल पुन्हा डब्यांत काढलं. दुसऱ्यांदा बोल्ट भरभर सुटले. टाकी बाहेर आली, झाकण निघालं, सांगाडा वर आला. मिस्त्री लांब, खुर्चीत. बाई फोनवर, मेंढपाळाला उशीर होईल म्हणून सांगत.

"नळी ही नाही," थोरली खालच्या आवाजात म्हणाली. "ही साधी आहे. बुडवायची वेगळी असते, ती खालच्या खणात. ही पेट्रोलमध्ये फुगते."

"फुगते?" धाकटीने नळी दोन बोटांत दाबून बघितली, वाकवून बघितली. उजेडाकडे धरली. "पण ही तर फुगलेली नाहीये. तासाभरात कशी फुगेल?"

"नाही. दोन महिने लागतात."

"मग आत्ता आवाज कसला आला?"

थोरलीने उगाच झाकण पुसायला घेतलं.

"आत्ता तर हिच्यात आणि त्या दुसऱ्या नळीत काहीच फरक नाही," धाकटी सावकाश म्हणाली, पोराने पाढा म्हणावा तशी, चुकायचं नाही म्हणून. "म्हणजे आवाज आलाच नाही. म्हणजे तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही मगाशी बघितलं होतंत. मी विचारलं तेव्हा."

"तू लांबी विचारलीस."

वाक्य तोंडाबाहेर पडलं मात्र, आणि तासभर सगळ्या बाजूंनी खरं निघालेलं ते सपाट पडलं. धाकटीने नळी टाकीवर ठेवली आणि हात पुसायला लागली. खूप वेळ पुसत राहिली.

"बाबांना सांगणार आहेस?" थोरलीने विचारलं.

"मी कशाला सांगू?" धाकटी कुजबुजली, पण कुजबुजीलाही धार होती. "म्हणजे मी चुगलखोर, आणि तुम्ही बिचाऱ्या. तुमच्या वतीने वाईट मी नाही व्हायची. सांगायचं तर तुम्ही सांगा. नाहीतर राहू दे. कान चांगला आहे म्हणतील तुमचा. म्हणू देत."

ती इतकं सरळ बोलू शकते हे थोरलीला माहीत नव्हतं. नेहमी "ताई, ताई". आता "ताई" गळलं होतं.

राहू दिलं असतं तर राहिलंही असतं. मिस्त्रींना यातलं अक्षर ऐकू गेलं नव्हतं. पण उद्या सकाळी स्टुलावर बसायचं म्हणजे धाकटीच्या समोर बसायचं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून, डोळे मिटून. आणि ही बघत राहणार, आता काय ऐकल्याचं सोंग करते आहे म्हणून. रोज. थोरलीला ते चित्र लख्ख दिसलं आणि ती उठली.

"बाबा," ती खुर्चीपाशी जाऊन म्हणाली, "मला काही ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"ऐकू नव्हतं आलं मला."

"अगं मोठ्याने बोल. कुणाला ऐकू येत नाही?"

"मला!" थोरली ओरडली. "मला ऐकू आलं नाही! नळी चुकीची होती, ती लावताना मी बघितली होती! बघून गप्प बसले! मुद्दाम!"

पत्र्याच्या छपराखाली तो शेवटचा शब्द दोनदा घुमला. बाईंनी फोन कानापासून दूर केला. रस्त्यापलीकडे पंक्चरवाला ट्यूब हातात धरून उभाच राहिला. हळू सांगायची गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगून झाली होती.

मिस्त्री नुसते गाडीकडे बघत राहिले. थोरलीला वाटलं, हेही ऐकू गेलं नाही की काय. आणखी एकदा ओरडण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

"काम तिला का दिलं होतं मी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तपासणी मला द्यायची म्हणून."

"कधी कळलं?"

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर दिलात तेव्हा."

हे त्यांना ऐकू गेलं, की तिच्या तोंडाकडे बघून समजलं, कुणास ठाऊक. त्यांनी फक्त मान हलवली. तीही तिच्याकडे न बघताच.

"म्हणजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मी परत चढावर, पायी?"

"हो," थोरली म्हणाली. "चुकलं माझं. आज रेडा नीट करूनच देते."

"तेवढं करा," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, पण हसल्याही नाहीत. नेहमी हसायच्या.

मिस्त्री खुर्चीचे हात धरून उभे राहिले. "नळी तू बसव," ते थोरलीला म्हणाले. "चिमटे, झाकण, टाकी, सगळं तू. तिने हात लावायचा नाही." आणि घराकडे वळता वळता, पाठमोरेच, "मग तपासणार कोण, ते मी सांगायला नको."

सांगायला नकोच होतं.

थोरलीने खालचा खण उघडला, बुडवायची नळी काढली, वीतभर मोजून कापली. तिचे हात तयार होते. डोकं नसतं तरी त्यांनी हे काम केलं असतं. नळी बसली, चिमटे आवळले. रबरी कडी तपासून पुन्हा घातली. ती झाकण लावायला वाकली, तेवढ्यात धाकटी म्हणाली,

"थांबा. बंद करू नका."

"का?"

"मला आधी बघायचंय."

"तपासणी शेवटी असते. गाडी सुरू करून."

"ती पण करीन. पण टाकी बंद झाल्यावर आत काय आहे ते ऐकून कसं कळणार? आज कुठे कळलं?" ती गुडघ्यांवर बसली, टॉर्च लावला, मान वाकडी करून सांगाड्याच्या आत बघायला लागली. नळीवरची पांढरी अक्षरं बोटाने फिरवून वर आणली आणि वाचली. एकेक चिमटा हलवून बघितला. मग वही उघडली. "ह्यापुढे बंद करायच्या आधी एकदा आणि सुरू केल्यावर एकदा. दोनदा तपासायचं. बाबांना मी सांगते."

थोरली झाकण हातात धरून उभी होती. एकोणीस वर्षं ती बाबांना डोळे मिटून कान लावताना बघत आली होती, त्या कानासाठी झुरत आली होती. कुणीतरी आधी उघड्या डोळ्यांनी बघावं, इतकी साधी गोष्ट तिला एकदाही सुचली नव्हती. हिला तीन वर्षांत सुचली. आणि तीही आजच्या दिवशी, एवढं सगळं ऐकून घेतल्यावर.

ओशाळलेपण होतं, पश्चात्ताप होता, सगळं होतं. पण त्या सगळ्याच्या खालून, ओळखीच्या जागेवरून, तो जळफळाट पुन्हा वर आला.

"लावा आता," धाकटी म्हणाली.

थोरलीने झाकण लावलं.